हातभर खाली

टाकीच्या काठावर वळलेल्या काळ्या पाइपच्या तोंडाकडे वरच्या ओळीतल्या घरांमधली सगळी माणसे पाहत होती, आणि त्या तोंडातून काहीच येत नव्हते. व्हॉल्व्ह उघडून पंधरा मिनिटे झाली होती. सुरुवातीला पाइपने एक लांब सुस्कारा टाकला, तेव्हा पुढे उभ्या असलेल्यांनी आपापल्या बादल्या पायाने पुढे सरकवल्या होत्या. त्यानंतर तो सुस्काराही थांबला. आता कुणीतरी आपली बादली परत मागे ओढली, आणि तिच्या कडीचा आवाज त्या शांततेत नको तितका मोठा झाला.

नकाशनवीस आपल्या वडिलांच्या मागे दोन पावलांवर उभा होता. मोजणी कार्यालयात नकाशे काढणे हा त्याचा व्यवसाय. गल्लीत सगळे त्याला त्याच नावाने ओळखत. वडील मात्र सगळ्यांचे 'मिस्त्री' होते. चाळीस वर्षे त्यांनी या गावाच्या भिंतींतून नळ फिरवले होते. या क्षणी ते गुडघा दुखत असतानाही वाकून पाइपला कान लावून होते, आणि डोळे मिटलेले होते. नकाशनवीसाने डाव्या मनगटावरचे घड्याळ हळूच बाहीखाली सारले. असे आपण का केले, हे त्याने स्वतःला विचारले नाही.

"मिस्त्री, पाणी वाट चुकलं की काय?" मागून पोस्टमन म्हणाला. रोज एकशे चौदा पायऱ्या चढून पत्रे वाटणारा हा माणूस. थट्टा करण्याचा हक्क त्याने पायांनी कमावला होता.

"चौदाशे मीटर चालून यायचंय त्याला. दम खाऊ दे," मिस्त्री डोळे न उघडता म्हणाले.

दोघे-तिघे हसले. पण कालपासून झऱ्यावरचे तोंड उघडे होते. पाण्याने दम खायचा तर रात्रभर खाल्ला होता, हे हसणाऱ्यांनाही ठाऊक होते.

वरच्या ओळीत बारा घरे होती. खालच्या रस्त्यावरच्या सार्वजनिक नळाचे पाणी त्या उंचीला कधीच चढले नाही. ते बादल्यांतून, डब्यांतून, माणसांच्या खांद्यांवरून चढत आले होते. दरीपलीकडच्या उतारावर एक झरा होता. तो टाकीपेक्षा उंच असेल तर पंपावाचून, विजेवाचून पाणी आपल्या वजनाने दरीत उतरेल आणि त्याच वजनाने अलीकडे चढेल. प्रश्न एवढाच होता की तो उंच आहे का, आणि किती. दिसायला तो समोरासमोर दिसे. पण दरीपलीकडची उंची डोळ्यांनी ठरवणे म्हणजे दुसऱ्याच्या मनातले ओळखण्यासारखे. ज्याला त्याला आपल्या सोयीचे दिसते.

"अकरा मीटर वर आहे," नकाशनवीसाने महिन्यापूर्वी एका संध्याकाळी घरी येऊन सांगितले होते. त्या अकरा मीटरांवर मिस्त्रींनी बारा घरांना शब्द दिला. त्या शब्दावर बारा घरांनी तीन आठवडे चर खणला. शिंपीणबाईंच्या तळहाताला फोड आले आणि लोकांच्या कपड्यांची शिलाई खोळंबली. सगळे सहन झाले, कारण मिस्त्रींचा शब्द आजवर कोरडा गेला नव्हता. हे त्यांचे शेवटचे काम होते, आणि त्यांनीच तसे म्हटले होते.

"हवा अडकली असेल," नकाशनवीस म्हणाला. "वळणांवर हवा साठते. हवेचा फुगा पाण्याला पुढे जाऊ देत नाही."

मिस्त्रींनी डोळे उघडले. मुलाकडे पाहिले, पाना उचलला आणि म्हणाले, "चला मग. वळणं उघडू."

*

दुपारपर्यंत त्यांनी सात वळणे उघडली. प्रत्येक ठिकाणी तेच. चरावरची माती उपसायची, सांधा सैल करायचा, आणि पाइप हातभर खोकून स्वच्छ पाणी तोंडावर उडवायचा. पाणी होते. थंड, पलीकडच्या दगडाचा वास असलेले, हट्टाने पाइपभर भरलेले पाणी. हवा जेमतेम एका वळणात सापडली, तीही एवढीशी की पोस्टमन म्हणाला, "हिच्यापेक्षा जास्त तर आमचे साहेब एका वाक्यात सोडतात."

नकाशनवीसाचा शर्ट चिखलाने जड झाला. पाना दोनदा हातातून निसटला, तिसऱ्यांदा त्याच्या नखावर पडला. प्रत्येक वळणापूर्वी तो मनाशी म्हणे, इथेच असणार. आणि प्रत्येक वळणानंतर तो सांधा गरजेपेक्षा एक आटा जास्त घट्ट करी. त्याला पाण्याचा राग आला. मग पाइपचा, मग सांधे घट्ट करणाऱ्या त्या अदृश्य हातांचा, जे त्याच्या वडिलांचे होते. एक वाक्य त्याच्या जिभेवर तयारही झाले: बाबा, सांधा तुमचा गळत असेल. त्याने ते गिळले, पण गिळलेल्या वाक्याची चव तोंडात राहिली.

शेवटचा सांधा टाकीच्या पायथ्याशी होता. तिथे व्हॉल्व्हसाठी कंबरभर खोल खड्डा बांधून घेतला होता आणि खड्ड्याच्या काठावर जमिनीशी टेकवून एक लोखंडी खुंटी ठोकलेली होती. मिस्त्रींची पहिली खुंटी. कोणत्याही कामाची सुरुवात ते अशा एका खुंटीने करत.

"बाजूला हो," ते म्हणाले. कण्हत खड्ड्यात उतरले आणि त्यांनी सांधा पूर्ण मोकळा केला. वरचा पाइप बाजूला झाला. खालचा उभा पाइप उघड्या तोंडाने वर पाहत राहिला.

सगळे वाकून बघू लागले. पाइपात पाणी होते. ते वर आले नाही, खालीही गेले नाही. काठाच्या जरा आत, आकाशाचा एक नाण्याएवढा तुकडा धरून ते नुसते उभे होते.

मिस्त्रींनी बोट बुडवून पाहिले. मग खुंटीपासून सरळ खाली आपला हात धरला, कोपर खुंटीपाशी आणि बोटांची टोके पाण्याच्या रेषेपाशी. कोपर ते बोटे, नेमका एक हात.

"हं," ते म्हणाले.

"काय हं?" शिंपीणबाईंनी विचारले. वरच्या ओळीच्या वतीने बोलण्याचे काम त्यांच्याकडे आपोआपच आले होते. त्यांच्या तोंडातल्या टाचण्या काढल्या की त्या सरळ मुद्द्यावर येत.

"पाणी एका पाइपात असलं की दोन्ही टोकांना एकाच उंचीला उभं राहतं," मिस्त्री संथपणे म्हणाले. "इथं ते खुंटीच्या हातभर खाली उभं आहे. म्हणजे झराही खुंटीच्या हातभर खाली आहे. पाण्यानं स्वतःच मोजून दाखवलं."

"पण तुम्ही तर अकरा मीटर वर म्हणाला होतात!"

"म्हणालो होतो."

"तीन मजले होतात अकरा मीटर म्हणजे. तीन मजले गेले कुठे, मिस्त्री?"

"पाणी कुठेतरी मुरतंय," पोस्टमन म्हणाला. पण या वेळी कोणी हसले नाही, आणि तो स्वतःही ओशाळून पिशवीचा पट्टा सारखा करू लागला.

"झऱ्यावर तर तुमचा मुलगा गेला होता ना? ते घड्याळ घालून?" शिंपीणबाई नकाशनवीसाकडे वळल्या. आवाज चढलेला नव्हता, पण तळहातावरची पट्टी त्या दुसऱ्या हाताने कुरवाळत होत्या. "काय रे, काय सांगितलं होतं तुझ्या घड्याळानं?"

नकाशनवीसाने तोंड उघडले. खरे तर या क्षणी एकच लहान वाक्य पुरेसे होते. पण त्याच्याकडून जे बाहेर आले ते असे: "घड्याळ उंची थेट मोजत नाही, बाई. ते हवेचा दाब मोजतं. आपण वर जाऊ तसा दाब कमी होतो, त्यावरून ते उंची काढतं. आता दाब इतरही कारणांनी..."

"मोजणी माझी होती," मिस्त्री खड्ड्यातून म्हणाले.

"अहो, पण वर गेला कोण?"

"पाठवला कुणी? मोजणी माझी. चूकही माझी. झऱ्याच्या वर खडकात आणखी ओल आहे, ती किती वर आहे ते मी पुन्हा मोजतो. नाहीच जमलं तर टाकी साठ पायऱ्या खाली घ्यावी लागेल; एवढ्या लांब पाइपातून पाणी वाहायला तेवढा उतार हवाच."

"म्हणजे आम्ही साठ पायऱ्या चढायच्याच."

खड्ड्यातून वर येण्यासाठी मिस्त्रींनी हात पुढे केला. नकाशनवीस वाकला, पण त्याआधी पोस्टमनने तो हात धरला होता. बारा घरांची माणसे रिकाम्या बादल्या घेऊन पायऱ्या उतरू लागली. कोणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरे झाले असते, असे नकाशनवीसाला वाटले.

*

दुपारी तो वडिलांच्या शेडमध्ये एकटाच बसला. जिन्याच्या मध्यावर, घराला लागून असलेली पत्र्याची खोली. भिंतीवर आकाराप्रमाणे टांगलेले पाने, डब्यांत निवडून ठेवलेले वॉशर, एका खिळ्यावर गुंडाळी करून अडकवलेली पाणसळीची नळी. ती पारदर्शक होती आणि वयाने किंचित पिवळी पडली होती. तिच्या दोन टोकांना दोन माणसे, मध्ये पाणी. दोन्हीकडे पाण्याची रेषा कुठे येते ते पाहायचे, खूण करायची आणि पुढे सरकायचे. अशा तऱ्हेने दरी ओलांडायला तीन दिवस लागले असते. त्याची रजा एका दिवसाची होती. "तीन दिवस कशाला? हे अर्ध्या दिवसात सांगेल," असे म्हणून त्याने मनगट पुढे केले होते. आणि मिस्त्री, ज्यांचे गुडघे दरी उतरू शकत नव्हते, त्या चमकदार तबकडीकडे बराच वेळ पाहत राहिले होते.

त्याने घड्याळ काढून मेजावर ठेवले. ताईने वाढदिवसाला पाठवलेले घड्याळ. कडेला टाचणीच्या टोकाएवढी भोके, त्यांतून ते हवा चाखत असे. कार्यालयाच्या उंबऱ्यात एक पितळी खूण आहे. तिच्यावर त्या जागेची उंची कोरलेली आहे. रोज सकाळी तो त्या खुणेपाशी थांबून घड्याळातला आकडा दुरुस्त करी. घड्याळ कधी पाच मीटर पुढे असे, कधी आठ मीटर मागे. "उंबरा रात्रीतून उडाला वाटतं!" कारकून थट्टा करत. तो हसे आणि बटण दाबी. खूण खरी, घड्याळ चुकलेले, बटण दाबले की दोन्ही एक. ही त्याची रोजची सवय होती, तोंड धुण्याइतकी निष्पाप.

आता मेजावरच्या घड्याळातला आकडा सहाशे बारा मीटर होता. तो बसून राहिला. वॉशरचा एक डबा उगाच ओतून त्याने पुन्हा निवडला. अर्ध्या-पाऊण तासाने पाहिले तेव्हा घड्याळ सहाशे चौदा दाखवत होते. मेजावर पडल्या पडल्या ते दोन मीटर चढले होते.

हवेचा दाब उतरत होता, एवढेच. हवा रोज सकाळी जड होते आणि दुपारी हलकी होते. वादळ नको, ढग नको, हा तिचा नेहमीचा श्वास आहे. आणि मनगटावरच्या त्या शहाण्या यंत्राला हवा हलकी झाली काय नि माणूस डोंगर चढला काय, दोन्ही सारखेच. हे त्याला ठाऊक नव्हते असे नाही. घड्याळासोबत आलेल्या पुस्तिकेत ते दुसऱ्याच पानावर होते. त्याला सगळे ठाऊक होते, आणि हाच तर संताप होता.

त्याने फोन काढून त्या दिवसाची नोंद उघडली. घड्याळाने चालण्याची रेषा जपून ठेवली होती. सकाळी साडेनऊला टाकीची खुंटी, सहाशे चाळीस. दरीत वाट चुकली, काटेरी जाळीत दीड तास गेला. दीड वाजता झरा, सहाशे एक्कावन्न. मग परत. संध्याकाळी चारला पुन्हा तीच खुंटी. रेषेचे शेवटचे टोक त्याने बोटांनी मोठे करून पाहिले.

सहाशे त्रेपन्न.

एकच खुंटी, सकाळी चाळीस आणि संध्याकाळी त्रेपन्न. त्याला तो क्षण लख्ख आठवला. पाय दुखत होते, खालच्या घरांतून स्वयंपाकाचा वास येत होता. त्याने आकडा पाहिला होता. "चुकलंय वाटतं," असे मनात म्हणाला होता आणि बटण दाबून ते सहाशे चाळीस केले होते, उंबऱ्यातल्या पितळी खुणेपाशी रोज करतो तसे. ते तेरा मीटर म्हणजे दिवसभरात घड्याळ किती बहकले याचा पुरावा होता. त्यातलेच अकरा-साडेअकरा झऱ्यापर्यंत जाता जाता चढले होते. तो पुरावा त्याने अंगठ्याने पुसून टाकला होता.

आणि घरी आल्यावर बाबांनी एकच प्रश्न विचारला होता. "परत खुंटीवर आल्यावर जुळलं का?"

"जुळलं," तो म्हणाला होता.

*

मिस्त्री शेडमध्ये आले तेव्हा ऊन पत्र्यावरून उतरले होते. त्यांनी चपला दाराशी काढल्या, पाना पुसून जागेवर टांगला आणि स्टुलावर बसून गुडघ्याला तेल चोळू लागले.

"जेवलास?"

"नाही."

"आई थांबली आहे तुझ्यासाठी."

"बाबा, तुम्ही सगळ्यांसमोर असं का सांगितलंत? मोजणी तुमची होती म्हणून?"

"होतीच."

"नव्हती. मी बोलणार होतो."

"तू बोलत होतास की. हवेच्या दाबाबद्दल." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून तो जास्त लागला. "त्यांना हवा नको होती, पाणी हवं होतं."

नकाशनवीस उठला, दाराकडे गेला, परत फिरला. शेड तीन पावलांची होती. माणसाला नीट अस्वस्थ होण्याइतकीही जागा तिच्यात नव्हती. मग तो मेजाला टेकून, वडिलांकडे न पाहता म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही मला विचारलं होतंत."

"काय?"

"परत आल्यावर जुळलं का म्हणून."

गुडघ्यावरचा हात थांबला.

"जुळलं नव्हतं. त्रेपन्न दाखवत होतं. मी बटण दाबून चाळीस केलं. मग जुळलं." तो एका दमात बोलला. "मी खोटं नाही बोललो, बाबा. म्हणजे... मला तेव्हा ते खोटं वाटलं नाही. रोज ऑफिसात तसंच करतो मी. हात गेला आणि..."

मिस्त्रींनी तेलाच्या बाटलीला बूच लावले.

"पहिल्या खुंटीवर परत का यायचं, सांगितलं होतं तुला लहानपणी," मिस्त्री म्हणाले. "आपण कुठे बहकलो ते कळावं म्हणून. तू खुंटीपर्यंत आलाच नाहीस. खुंटीच उपटून पायाखाली रोवलीस."

"मान्य आहे."

"तीन आठवडे खणलं त्यांनी. त्या बाईचे हात बघितलेस?"

"बघितले, बाबा. मान्य आहे म्हणतोय ना मी! मी आता जाऊन सांगतो प्रत्येक घरी. बाराच्या बारा घरी."

"सांग. त्यानं पाणी चढत नाही."

"मग काय करू? तुम्हीच सांगा काय करू. शिव्या तरी द्या!" त्याचा आवाज पत्र्यावर आपटून परत आला आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. दुखऱ्या नखाभोवती त्याने मूठ आवळली. "पुढच्या आठवड्यात रजा घेतो. हवी तेवढी. घड्याळ दोन लावू, एक इथं खुंटीवर ठेवायचं, हवा किती बदलते ते त्याच्यावरून कळतं आणि दुसरं..."

तो मध्येच थांबला. आपण पुन्हा समजावून सांगू लागलो आहोत, हे त्याचे त्यालाच ऐकू आले.

मिस्त्री उठले होते. गुडघ्यावर हात रोवून, आधी एक पाय मग दुसरा, अशा त्यांच्या हल्लीच्या पद्धतीने. खिळ्यावरची पाणसळीची गुंडाळी त्यांनी उतरवली. नळीत तोंडाने फुंकर मारून धूळ काढली. तिची दोन्ही टोके एकत्र धरली, त्यांना दोरीने गाठ मारली आणि गुंडाळी खांद्याला अडकवली. मग ते दाराशी गेले आणि चपलांत पाय सरकवू लागले.

"आत्ता? या गुडघ्यांनी? दरीत उतरणार तुम्ही?"

चप्पल पायात जात नव्हती. वाकणे जमत नव्हते म्हणून ते अंगठ्यानेच पट्टा शोधत होते. नकाशनवीस खाली बसला, त्याने चप्पल पुढे धरली. वडिलांनी तीत पाय घातला, पण त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही, चौकट धरली.

मेजावर घड्याळ लुकलुकत होते. सहाशे पंधरा.

"बाबा," तो खाली बसल्या बसल्याच म्हणाला, "दुसरं टोक कोण धरणार?"

मिस्त्री उंबरा ओलांडून जिन्यावर आले. वरच्या दिशेला, जिथे टाकी होती आणि तिच्या पायाशी मोजणी पुन्हा सुरू करायची ती पहिली खुंटी होती, तिकडे त्यांनी एकदा पाहिले. खांद्यावरची गुंडाळी नीट केली. आणि एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, कठड्याला धरून, मागे न बघता ते चढू लागले.